खुराक कोणी द्यायचा?

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. शाळेच्या पुस्तकात हे एका ओळीत उरकतं आणि परीक्षा झाली की आपण ती ओळ विसरतो. तालमीतल्या माणसासाठी मात्र ती नुसती तारीख नव्हती. तोवर दूध, तूप, बदाम कुठून आणायचे हा प्रश्न पडला की राजवाड्याकडे बोट दाखवता यायचं. त्यानंतर बोट कुठे दाखवायचं, हे पुढची बरीच वर्षं कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

खाशाबा जाधवांची कारकीर्द नेमकी या फटीत सापडली. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा कोल्हापूरला महाराज होते. १९५२ला हेलसिंकीला निघाले तेव्हा नव्हते. आणि खेळाडूला पोसणारं सरकारी खातं, शिष्यवृत्त्या, नोकरीतलं आरक्षण यांतलं काहीच अजून उभं राहिलेलं नव्हतं.

त्यांची गोष्ट तुम्ही नक्की ऐकली असेल. दर चार वर्षांनी ऑलिंपिक आलं की ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते: गरीब घरचा पैलवान, जिद्द, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, आणि मग उपेक्षा. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी. गोष्ट खरीच आहे. पण ती ज्या पद्धतीने सांगितली जाते त्यात सगळं एका माणसाच्या नशिबावर ढकलून दिलं जातं. मला त्याच आयुष्याकडे जरा रुक्षपणे, हिशेबाच्या वहीसारखं बघायचं आहे. शरीरावर चालणारी कारकीर्द फार छोटी असते. ती चालू असताना खर्च कोण करतं, आणि ती संपल्यावर त्या शरीराचं काय होतं?

राजाचा आखाडा

कोल्हापुरात कुस्ती शाहू महाराजांच्या आधीही होती, पण तिला व्यवस्था दिली ती त्यांनी. १८९४ ते १९२२ अशी अठ्ठावीस वर्षं ते गादीवर होते. स्वतः कुस्ती खेळलेला माणूस. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते इंग्लंडला गेले. त्या प्रवासात रोमचं कलोसियम त्यांनी पाहिलं, आणि आपल्या गावात तसं काहीतरी हवं हे मनात घेऊन ते परतले. १९१२ मध्ये खासबाग मैदान तयार झालं. मधोमध आखाडा, भोवती चढत जाणारी बैठक, कुठेही बसा, समोरची कुस्ती दिसणारच. आजही रंकाळ्याला जाणाऱ्या पाहुण्याला आपण वाटेत ते दाखवतो.

मैदान डोळ्यांना दिसतं, पण त्यामागचा खर्च दिसत नाही. देशभरातले मल्ल कोल्हापुरात येऊन राहत, त्यांना दरबाराकडून आश्रय आणि खुराक मिळे. खुराक हा शब्द आपण आता गमतीने वापरतो, पण पैलवानाच्या घरात तो अंदाजपत्रकातला सगळ्यात मोठा आकडा असतो. पहाटे शेकड्यांनी जोर-बैठका, मग लढत, संध्याकाळी पुन्हा मेहनत. एवढं करणाऱ्या अंगाला भाकरी-आमटी पुरत नाही. रोजचं दूध, तूप, बदाम, मटण, थंडाई, आणि हे सगळं एकही पैसा मिळवायला लागण्याच्या आधी सलग सात-आठ वर्षं.

पोरगा दहा-बारा वर्षांचा असताना तालमीत येतो. वस्ताद त्याला घडवतो. विशीच्या आसपास त्याच्या जोडी लागायला लागतात, गावोगावच्या जत्रांत त्याचं नाव हलगीवर पुकारलं जातं, इनाम मिळतं. तिशी गाठेपर्यंत गुडघे, खांदे, मान बोलायला लागतात. म्हणजे कमाईची वर्षं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे अनुभव वाढला की पगार वाढतो. पैलवानाचं उलट असतं: अनुभव शिगेला पोचतो त्याच सुमारास अंग संपायला लागतं.

राजाश्रयाने हा तिढा सोडवला होता. पोरगा घडत असताना खर्च दरबाराचा, आणि उतारवयात वस्ताद म्हणून मान आणि पोटापाण्याची सोय. या व्यवस्थेचं एक दुखणंही होतं. सगळं राजाच्या आवडीवर अवलंबून. राजाला कुस्तीचा नाद होता म्हणून कोल्हापूर कुस्तीची पंढरी झालं. नाद नसलेल्या संस्थानातल्या पोराने काय करायचं, याला उत्तर नव्हतं.

गोळेश्वरहून लंडनला

खाशाबा कोल्हापूरचे नव्हेत. जन्म १५ जानेवारी १९२६, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. शाळा कराडच्या टिळक हायस्कुलात. १९४२च्या चळवळीत भूमिगतांना आसरा देण्याच्या, निरोप पोचवण्याच्या कामात हा शाळकरी पोरगाही होता. शाळा संपल्यावर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले, कारण कुस्ती आणि शिक्षण या दोन्ही गोष्टी एकाच गावात नीट मिळतील असं गाव जवळपास हेच होतं. बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली ते तयार झाले.

अंगाने ते चणीचे होते. कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत त्यांची अंगकाठी बघून त्यांना कुस्तीत घ्यायलाच आधी नकार मिळाला, मग ते थेट प्राचार्य खर्डीकरांकडे गेले आणि परवानगी मिळवून आपल्यापेक्षा थोराड पोरांना लोळवून आले, असं सांगितलं जातं. त्यांची ताकद चपळाईत होती. ढाक हा त्यांचा खास डाव: प्रतिस्पर्ध्याची मान काखेत घ्यायची आणि त्याच झोक्यात त्याला जमिनीवर आदळायचं. यात वजनापेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं.

१९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. बाबीस वर्षांचा हा पोरगा आयुष्यभर तांबड्या मातीत खेळलेला, आणि लंडनला पोचल्यावर समोर गादी. मातीत पाय रुततो, कुस्ती संथ चालते, पाठ टेकेपर्यंत खेळ सुरू राहतो. गादीवर पाय सटकन सरकतो, घड्याळ असतं, गुण असतात. म्हणजे नाव तेच, खेळ निम्मा वेगळा. तिथे रीस गार्डनर नावाच्या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना गादीचे बारकावे दाखवले. त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवलं, इराणच्या मन्सूर रईसीकडून हरले, आणि फ्लायवेट गटात सहावे आले.

पहिल्यांदा गादीवर उतरलेल्या माणसाने जगात सहावं येणं! आज असं कुणी केलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्यामागे प्रायोजक लागतील. खाशाबा परत आले आणि पुढच्या ऑलिंपिकच्या तयारीला लागले. वर्ष उलटायच्या आत संस्थानच उरलं नाही.

सात हजार रुपये

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. संस्थानं विलीन झाली ते योग्यच झालं. एका माणसाच्या लहरीवर गावाचं पोट चालावं, हे कुणालाही नको असतं. पण जुनं घर पाडलं आणि नवीन बांधायला वेळ लागणार असेल, तर मधल्या पावसात कुणीतरी भिजतंच.

१९५२साठी निवड होतानाच अडचण आली. चाचणीतल्या निकालावर खाशाबांचा आक्षेप होता. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती झाली, त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केलं आणि संघात जागा मिळवली, असं त्यांच्याविषयी लिहिणारे सांगतात. गंमत बघा. देश प्रजासत्ताक होऊन दोन वर्षं झाली होती, आणि गुणवत्तेचा न्याय मागायला अजून एका महाराजांचंच दार होतं.

मग पैसे. सरकारकडून पुरेशी मदत वेळेत हाती आली नाही. खाशाबा गावोगाव फिरले. कुणी पाच रुपये दिले, कुणी दहा. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. या प्रसंगाने आपले डोळे पाणावतात, पाणावायलाही हवेत. पण क्षणभर थांबून विचार करा. आधी जो खर्च एका राज्याचा होता, तो आता एका प्राध्यापकाच्या घरावर येऊन पडला होता. खर्डीकरांसारखा माणूस भेटला नसता तर? त्या वर्षी देशातल्या किती तालमींत असा माणूस नसलेले खाशाबा राहून गेले असतील, त्यांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत.

हेलसिंकीत ते बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोत उतरले. कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो, जर्मनीचा श्मिट्झ, असे एकेक करून पाडले. मग जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेयोव या दोघांकडून ते हरले. यातल्या दोन कुस्त्यांच्या मध्ये नियमाप्रमाणे अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, ती मिळाली नाही, आणि भांडायला भारताचा एकही पदाधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगतात. इशीला सुवर्ण मिळालं, मामेदबेयोवला रौप्य आणि २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांच्या गळ्यात कांस्य. इशीचं ते सुवर्ण त्या ऑलिंपिकमधलं जपानचं एकमेव सुवर्ण होतं. युद्धात बेचिराख झालेला तो देशही तेव्हा नव्याने उभा राहत होता.

त्याच स्पर्धेत आणखी एक नाव होतं, ते मात्र आपण पुसूनच टाकलं. कोल्हापूरच्याच आखाड्यातले केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. पदकापासून एक पायरी खाली. खाशाबांना निदान उपेक्षेची गोष्ट तरी मिळाली, माणगाव्यांना तीही नाही.

खाशाबा कराडला उतरले तेव्हा त्यांना न्यायला शंभराहून जास्त बैलगाड्या आल्या होत्या. एरवी काही मिनिटांचा गोळेश्वरचा रस्ता, त्या दिवशी मिरवणुकीला कित्येक तास लागले. आणि मग पदकविजेत्याने पहिलं काम काय केलं? कुस्तीचं मैदान भरवलं, स्वतः लढले, आणि आलेल्या पैशातून खर्डीकरांचं घर सोडवलं.

फिलाडेल्फियाचा काँक्रीटवाला

आता थोडं लांब जाऊ. आमच्या टीमचे काही क्लायंट अमेरिकेत आहेत. तिथल्या हिवाळ्यात सोमवारचा कॉल सुरू झाला की पहिली पाच मिनिटं रविवारच्या फुटबॉलवर जातात. कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की शाहू स्टेडियम आणि पेठापेठांतली भांडणं. आपल्याकडे संघांची नावंसुद्धा तालमींचीच: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा. त्यांचा फुटबॉल वेगळा, अंडाकृती चेंडूचा, बराचसा हाताने खेळायचा. त्यात लाइनबॅकर नावाची एक जागा असते. बचावाच्या पहिल्या फळीच्या मागे उभा राहणारा गडी. समोरच्याचा डाव एका नजरेत ओळखायचा आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला अंगावर घेऊन पाडायचं. ऐकताना मला तर तो पैलवानच वाटला.

चक बेडनारिक हा त्यातला सर्वांत गाजलेल्यांपैकी एक. जन्म १ मे १९२५, म्हणजे खाशाबांपेक्षा आठ-नऊ महिन्यांनी मोठा. स्लोव्हाकियातून आलेल्या घरातला, वडील पोलादाच्या कारखान्यात कामगार. दुसऱ्या महायुद्धात त्याने बॉम्बफेकी विमानात तोफेवर बसून तीस मोहिमा केल्या. १९४९ मध्ये, कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्याच वर्षी, व्यावसायिक संघांनी वर्षाचे नवे खेळाडू निवडले तेव्हा पहिलं नाव त्याचं होतं. फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला घेतलं. १९६२ पर्यंत चौदा हंगाम तो एकाच संघाकडून खेळला, आक्रमणातही आणि बचावातही. १९६०च्या अंतिम सामन्यात ६० पैकी सुमारे ५८ मिनिटं तो मैदानावर होता. शेवटच्या क्षणी ग्रीन बेचा जिम टेलर चेंडू घेऊन गोलरेषेकडे निघाला, बेडनारिकने त्याला पाडलं आणि वेळ संपेपर्यंत त्याच्यावरून उठलाच नाही. ईगल्स १७-१३ने जिंकले.

एवढा मोठा खेळाडू, आणि त्याचं टोपणनाव होतं ‘काँक्रीट चार्ली’. लोकांना वाटतं अंगाच्या कणखरपणामुळे. खरं कारण असं की हंगाम संपला की तो पोटासाठी काँक्रीट विकायचा. तेव्हा अमेरिकेतही या खेळावर वर्षभर घर चालत नव्हतं.

मग फरक कुठे पडला? १९५६ मध्ये तिथल्या खेळाडूंनी आपली संघटना बांधली. हळूहळू किमान वेतन, निवृत्तिवेतन, दुखापतीचा खर्च, दूरदर्शनच्या पैशातला वाटा, सगळं भांडून मिळवलं. त्यांचंही सगळं छान झालं असं मुळीच नाही. त्याच १९६०च्या हंगामात बेडनारिकच्या एका धडकेने न्यूयॉर्कचा फ्रँक गिफर्ड बेशुद्ध पडला आणि वर्षाहून जास्त काळ मैदानाबाहेर राहिला. २०१५ मध्ये गिफर्ड वारला तेव्हा त्याच्या कुटुंबाने जाहीर केलं की, डोक्याला पुन्हा पुन्हा बसलेल्या धक्क्यांनी होणारा मेंदूचा आजार त्याला होता. पैसा आला तरी शरीराने मोजायची किंमत मोजलीच. पण ती किंमत कोणाच्या खात्यावर टाकायची, हे विचारायला त्यांच्याकडे निदान एक टेबल होतं. पलीकडे मालक, अलीकडे खेळाडू.

खाशाबांकडे असं टेबलच नव्हतं. ऑलिंपिक तेव्हा हौशी खेळाडूंसाठी होतं. खेळातून पोट भरणाऱ्याला तिथे जागा नव्हती. म्हणजे खेळून कमवायचं नाही आणि न कमावता खेळायचं. श्रीमंत घरच्या गोऱ्या खेळाडूंना सोयीचा हा नियम गोळेश्वरच्या शेतकऱ्याच्या पोराला लावला, की उरतं गहाण पडलेलं घर.

गुडघा

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. पुढचं ऑलिंपिक १९५६ला मेलबर्नमध्ये होतं. ते तिथे गेले नाहीत, कारण गुडघा गेला होता. वय अवघं तीस. पैलवानाच्या कारकिर्दीचा शेवट बहुतेक वेळा असाच येतो. निरोपाचा सामना नाही, भाषण नाही. एक दिवस बैठक मारताना गुडघ्यात कळ येते, आणि काही महिन्यांनी कळतं की ती आता जाणार नाही.

नंतरची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं त्यांनी पोलिसात काढली आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. १९८२च्या दिल्ली एशियाडच्या मशालदौडीत त्यांना बोलावलं गेलं. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिला जातो, पण त्यांच्या वाट्याला तो आला मरणोत्तर, नवं शतक उजाडताना. पद्म किताब हयातीत मिळाला नाही. दिल्लीत २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी कुस्तीच्या संकुलाला त्यांचं नाव दिलं. त्यांच्यानंतर भारताला दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला १९९६ उजाडलं, तेही टेनिसमध्ये, लिअँडर पेसला.

आपण हळहळतो ती पुरस्कारांवरून. मला वाटतं, खरा हिशेब दुसरीकडे आहे. पोलिसातली ती नोकरी हीच त्यांच्या आयुष्यातली पहिली अशी गोष्ट होती, जी कुणाच्या मेहेरबानीवर चालत नव्हती. महिन्याच्या महिन्याला पगार, हुद्दा, बढती. पण ती आली तेव्हा उमेदीची वर्षं संपत आली होती. हाच पगार १९४९ला सुरू झाला असता तर हेलसिंकीच्या आधीची तीन वर्षं वर्गणीची पावती हातात घेऊन फिरण्याऐवजी गादीवर गेली असती. कांस्याच्या जागी काय आलं असतं, हे सांगता येत नाही. पण ती तीन वर्षं कशात गेली, हे सांगता येतं.

कांबळवाडीचा टीसी

१ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षं लागली, आणि दोघांचंही नातं कोल्हापूरशी निघालं. त्या दिवशी आमच्या ऑफिसमध्ये कुणाचं कामात लक्ष नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या बातम्यांत एक गोष्ट ठळकपणे येत होती: हा मध्य रेल्वेत टीसी आहे.

बातमीत ते कौतुकाने, थोडं आश्चर्याने सांगितलं जात होतं. मला वाटलं, यात आश्चर्य कसलं, हीच तर मधली गहाळ कडी आहे. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला, मग रेल्वेच्या नोकरीने पगार दिला. खर्डीकरांनी घर गहाण टाकून जे केलं, ते काम बहात्तर वर्षांनी एका खात्याने केलं. राजाच्या जागी सरकार आलं, फक्त यायला फार उशीर झाला.

आणि अजून ते सगळ्यांपर्यंत पोचलेलं नाही. कोल्हापूरच्या तालमींत आजही पहाटे चारला दिवे लागतात. सांगली, सोलापूर, मराठवाड्यातून आलेली पोरं तिथे राहतात. त्यांच्या घरी कुणीतरी म्हैस राखून दूध विकतं आणि त्या पैशातून इकडे दुधाचे पैसे पाठवतं. प्रबोधिनीत निवड होईल ती मोजक्यांची, नोकरी लागेल ती पदक आणणाऱ्यांना. बाकीच्यांचा खुराक आजही घरच्या उताऱ्यावरच अवलंबून आहे. कुणाचा अर्धा एकर विकला जातो, कुणाच्या बहिणीचं शिक्षण थांबतं. ही घरं म्हणजे खर्डीकरांचंच घर, फक्त त्यांची बातमी होत नाही.

म्हणून पुढच्या वेळी खाशाबांचा तो मेसेज आला, तर फॉरवर्ड जरूर करा. पण त्याआधी आपल्या पेठेतल्या तालमीत एकदा डोकावून या. वस्तादांना विचारा, इथे किती पोरं आहेत, आणि त्यांच्या दुधाचे पैसे महिन्याला कुठून येतात. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागणार नाही. रोज रात्री ते हाच हिशेब मांडत असतात.